चित्राला गुण कोणी द्यायचे?

अकोल्याच्या शिवारात कपाशी पात्या-फुलांवर आली की शेतकऱ्याची नजर डोमकळ्या शोधते. गुलाबी बोंडअळी शिरलेल्या फुलाच्या पाकळ्या उमलत नाहीत, मुरडलेल्याच राहतात. अशा कळीचा फोटो आता मोबाईलवरून तज्ज्ञाकडे जातो. पाठवताना फोटो लहान झाला आणि पाकळ्यांचा पीळच पुसला गेला, तर निदान अडते. मग फोटोचा दर्जा मोजायचा कसा?

एक वाट गणिताची. मूळ चित्र आणि पोचलेले चित्र यांतल्या ठिपक्याठिपक्याचा फरक काढायचा. पण सगळा फोटो जरा उजळला, तरी हा आकडा वाढतो आणि डोळ्याला काहीच खुपत नाही. तेवढाच फरक नेमका फुलावर चौकोनी डागांत एकवटला, तर फोटो वाया जातो. म्हणून झोऊ वांग, ॲलन बोविक आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये चित्रातली रचना किती टिकली हे पाहणारे सूत्र मांडले. मात्र सूत्र खरे की खोटे, हे ताडायला माणसांनी दिलेले गुणच लागतात.

ते गुण घेण्याचीही शिस्त आहे. दूरचित्रवाणीसाठी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस १९७४ पासून आहे. किमान १५ प्रेक्षक, त्यांची दृष्टी आणि रंगांची ओळख आधी तपासलेली. चित्रांचा क्रम उलटसुलट. डोळे थकू नयेत म्हणून बैठक अर्ध्या तासाच्या आत. गुण पाच ते एक : उत्कृष्ट, चांगले, बरे, निकृष्ट, वाईट. मग सरासरी.

पण चित्र कशासाठी हवे, हेही विचारावे लागते. मेळघाटातल्या कॅमेऱ्याने रात्री टिपलेला वाघ करडा, धूसर दिसतो. शोभेसाठी त्याला कोणी दोनच गुण देईल. मात्र अंगावरचे पट्टे ओळखता आले, तर गणना करणाऱ्याचे काम झाले. वाघाच्या दोन्ही कुशींवरचे पट्टे वेगळे असतात, म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना कॅमेरे लावतात.

माझे सांगणे एवढेच आहे. वऱ्हाडासाठी शेतीसल्ल्याची किंवा दुरून रुग्ण तपासण्याची सोय उभारणाऱ्यांनी चित्रांची परीक्षा केवळ शहरातल्या अंधाऱ्या खोलीत घेऊ नये. मूर्तिजापूरच्या शेतकऱ्याला, धारणीच्या आरोग्यसेविकेला बोलवावे. त्यांच्याच मोबाईलवर, भर उन्हात चित्र दाखवावे आणि विचारावे, ‘यावरून तुमचा निर्णय होतो का?’ त्यांचे उत्तर ‘नाही’ असेल, तर सोय दुरुस्त करावी. मगच ती गावोगाव न्यावी.