एका कॅसेटच्या दोन बाजू



खामगावात गाणं ऐकायला गर्दी होते, हे ठाऊक होतं. गाण्यावरचं बोलणं ऐकायला इतकी पोरं येतील असं वाटलं नव्हतं. पंखा बंद आहे, तेव्हा लांबवत नाही.

1988 ची गोष्ट. चौदा एप्रिल तोंडावर आलेली. आमची गायन पार्टी चिखलीकडची, दुसरी मेहकरकडची. सामन्यात सवाल-जवाब रंगले की पहाट व्हायची. कधी भांडणातच व्हायची. दोघांनाही कॅसेट काढायची होती आणि दोघांच्याही खिशात अर्ध्या कॅसेटचे पैसे. मग साठ मिनिटांची एकच घेतली. तीस मिनिटं त्यांची, तीस आमची.

अमेरिकेत साठच्या दशकात मोटारीच्या गॅरेजात पोरं गिटार बडवायची. त्यांच्या वळणाचे बँड पुढे असेच दोन-दोन मिळून एक कॅसेट काढू लागले. आपल्याकडे गॅरेज कुठलं? मोटारच नव्हती. आम्ही विहारात बसलो. खिडक्यांना गोधड्या लावल्या. माईक एकच. पेटी जवळ, ढोलकी लांब, कोरसच्या बाया भिंतीला. कोणी चुकलं की गाणं पुन्हा पहिल्यापासून. लाईट जाताना फीत मंदावायची. मग ऐकताना तिथं गाणारा एकदम चिरक्या आवाजात बोंबलायचा.

भांडण झालं 'अ' बाजूवरून. "पयली बाजू आमची, नाही त आमी चाल्लो," मेहकरवाले म्हणाले. नाणं उडवलं. हरलो. अजून राग येतो, खोटं कशाला बोलू?

फिलिप्सनं ही कॅसेट 1963 साली आणली. ऐंशीच्या दशकात ती आपल्या वस्तीत शिरली आणि रेकॉर्ड कंपनीच्या साहेबाचं तोंड बघायचं काम उरलं नाही. एका टेपवरून दुसऱ्यावर उतरवा, झालं. पण जे आपल्याला सोपं, ते पुसणाऱ्यालाही सोपं. कॅसेटच्या मागची प्लास्टिकची टोकं मोडली तरी भोकात कागदाचा बोळा कोंबून वर दुसरं भरता येतं. माझ्याकडच्या कॅसेटची 'ब' बाजू अशीच कुणाच्या तरी लग्नात सिनेमाच्या गाण्यांनी खाल्ली. आमचा अर्धा तास गेला. मेहकरवाल्यांचा राहिला.

हसू नका. दोन्ही बाजू एकाच फितीवर असतात, शेजारी शेजारी, उलट दिशांनी. टेपनं फीत चावली की दोघांचंही गाणं तिथंच फाटतं. बुरशीला चिखली-मेहकर कळत नाही.

1972 साली मुंबईत पँथर निघाली. त्याच वर्षी अमेरिकेत गॅरेजवाल्यांची विखुरलेली गाणी 'नगेट्स' नावाच्या संग्रहात गोळा झाली, म्हणून ती पोरं आज जगाला माहीत आहेत. आपली कोणी गोळा केली? वामनदादा कर्डक (1922–2004) गाण्याच्या शेवटी आपलं नाव विणून ठेवायचे. ते कापायचं तर गाणंच उसवतं. पण आमच्या कोरसमधल्या बाया? दिवसभर निंदण करून आल्या, रात्रभर गायल्या. कव्हरवर छापलं काय, तर 'आणि पार्टी'.

माळ्यावरच्या ट्रंका उघडा. चिकटलेली कॅसेट थेट टेपात घालू नका, आधी पेन्सिलीनं हळू फिरवून बघा. मोबाईलवर उतरवताना त्या म्हाताऱ्यांना शेजारी बसवा, कोणता आवाज कोणाचा ते विचारून नावं लिहा.

मेहकरवाल्यांची 'अ' बाजू माझ्याकडे अख्खी आहे. त्यांच्यापैकी कुणाच्या घरी आमची 'ब' निघाली तर सांगा. मी उद्या सकाळच्या एसटीनं निघतो.