अस्वलाच्या चित्राचे भय



भुताच्या कथेला पडका वाडा आणि अमावास्येची रात्र लागते, असा सर्वसाधारण समज आहे. संगणकयुगाने तो खोटा ठरविला. ‘अमुक फाइल उघडाल तर सर्वनाश ओढवेल’ अशा दंतकथा आंतरजालाच्या बाल्यावस्थेपासून प्रचलित आहेत. ‘गुड टाइम्स’ या शीर्षकाचे ई-पत्र नुसते वाचले तरी संगणक निकामी होतो, अशी आवई १९९४ मध्ये उठली. असा विषाणू अस्तित्वातच नव्हता; जगभर फिरला तो केवळ त्याविषयीचा इशारा.

२००२ सालची कथा अधिक बोधप्रद आहे. एका ई-पत्राने सांगितले की, संगणकात ‘जेडीबीजीएमजीआर डॉट ईएक्सई’ नावाची, अस्वलाचे चित्र असलेली फाइल शोधा. तो विषाणू असून १४ दिवस निपचित राहतो आणि मग घात करतो. विषाणूरोधक आज्ञावलींनाही तो सापडत नाही. फाइल तत्काळ पुसा व परिचितांना कळवा! लोकांनी शोध घेतला, तो अस्वल खरोखरच बसलेले! आणखी पुरावा कशाला हवा? वस्तुतः ती मायक्रोसॉफ्टने विंडोजसोबतच दिलेली, जावा आज्ञावलींतील दोष शोधण्याच्या कामाशी संबंधित फाइल होती. विषाणूरोधकाला विष सापडेना, कारण ते नव्हतेच. घरच्याच निरुपद्रवी गड्याला चोर ठरवून लोकांनी स्वहस्ते हाकलून दिले. या अफवेचा वाहक होता तो माणसाचा सद्भाव. आप्तांचे भले व्हावे, म्हणूनच प्रत्येकाने तो इशारा पुढे धाडला.

याउलट, ४ मे २००० रोजी पसरलेला खरा विषाणू आला तो ‘आय लव्ह यू’ हे गोड शीर्षक घेऊन. सोबतची ‘प्रेमपत्रा’ची फाइल उघडताच तो संगणकातील पत्त्यांच्या वहीतल्या सर्वांना आपली प्रत पाठवीत असे. खोट्या संकटाने भीती दाखविली, खऱ्याने माया! आज लग्नपत्रिकेच्या नावाने मोबाइलवर येणाऱ्या एपीके फाइलींविषयी पोलिसांना इशारे द्यावे लागतात, ते याच कारणाने.

तेव्हा ‘त्वरा करा, सर्वांना पाठवा’ असा आग्रह जेथे दिसेल, तेथे हात आखडावा. परिचिताकडून आली, एवढ्यावर फाइल उघडू नये. परिचिताने सांगितले, एवढ्यावर पुसूही नये. पाठविणाऱ्यास दूरध्वनी करून विचारावे, जाणकाराकडून खातरजमा करावी. दोन मिनिटांच्या विलंबाने कोणाचे काही बिघडत नाही. अफवेची साखळी मात्र असा एक माणूस थांबला की तेथेच तुटते.