भयपटांची दाटी आणि पटकथाकार

चित्रपटांच्या बाजारात सध्या भुतांची दाटी झाली आहे. 2018 साली 'स्त्री' हा हिंदी चित्रपट प्रेक्षकांनी डोक्यावर घेतला. 2024 साली 'मुंज्या' आणि 'स्त्री 2' यांनाही तिकीटबारीवर मोठे यश लाभले. यशस्वी चित्रपटामागून त्याच जातीच्या कथांची रांग लागावी, हा या धंद्याचा नियमच आहे. अशा वेळी इंदूर, बडोदे किंवा बेळगाव येथे रात्री जागून पटकथा लिहिणाऱ्या तरुणापुढे प्रश्न उभा राहतो, की या गर्दीत आणखी एक भूत घेऊन जाण्यात काही अर्थ आहे काय? प्रश्न केवळ कलेचा नाही. पटकथा हाती घ्यावयाची म्हणजे आयुष्यातील वर्ष-दोन वर्षे पणाला लावावयाची. ती विकली गेली नाही, तर त्या श्रमांची भरपाई कोणी करीत नाही.

या गर्दीचे मूळ कारण आर्थिक आहे. भयपटाला नामांकित नट लागतोच असे नाही. एक जुने घर, चार पात्रे आणि अंधार एवढ्यावरही त्याचे भागते. अमेरिकेत जॉर्डन पील यांचा 'गेट आउट' 2017 साली सुमारे 45 लाख डॉलरांत तयार झाला आणि त्याने जगभर 25 कोटी डॉलरांहून अधिक उत्पन्न मिळविले. पुढील वर्षी त्याच्या पटकथेस ऑस्कर पारितोषिकही लाभले. अशी उदाहरणे डोळ्यांसमोर असता नवा लेखक या वाटेकडे वळला, तर त्यास दोष देता येणार नाही.

तथापि ही दाटी आजचीच नव्हे. 1949 साली कमाल अमरोही यांच्या 'महल'ने ओसाड वाड्यातील गूढ स्त्री पडद्यावर आणली. 'बीस साल बाद' (1962) आणि 'वह कौन थी' (1964) हे चित्रपट त्याच वाटेने गेले. या तिन्हींत अखेर भूत हे माणसाचेच सोंग ठरते. पुढे रामसे बंधूंनी 'दो गज़ ज़मीन के नीचे' (1972) आणि 'पुराना मंदिर' (1984) यांतून अल्प भांडवलाच्या भयपटाचा साचा रूढ केला, आणि अनुकरण करणारे पुढे सरसावले. करकरणारे दार, कब्रस्तानातील धुके आणि मध्यरात्रीची किंकाळी यांची इतकी पुनरावृत्ती झाली, की पुढे काय होणार हे प्रेक्षकाला आधीच कळू लागले. जे आधी कळते त्याचे भय वाटत नाही. त्याचे हसू येते. म्हणजे प्रेक्षक विटला तो भयाला नव्हे, तर साच्याला.

ज्या कथा या गर्दीतूनही वर आल्या, त्यांचे भय कोठून आले हे पाहणे बोधप्रद ठरेल. कर्नाटकात 1990 च्या दशकात रात्री दार ठोठावणाऱ्या एका बाईची वदंता पसरली होती. तिने परत फिरावे म्हणून लोक दारावर 'नाळे बा', म्हणजे 'उद्या ये', असे लिहीत. 'स्त्री'चे लेखक राज आणि डीके यांनी ही वदंता मध्य प्रदेशातील चंदेरीस नेली आणि तीतील भय उलटे केले. त्या गावात रात्री घराबाहेर पडण्यास पुरुष भितात आणि लवकर घरी या म्हणून बायका त्यांना बजावतात. भूत तेच, पण स्त्रीच्या नित्याच्या भयाकडे पाहण्याची दृष्टी नवी. विशाल फुरिया यांच्या 'लपाछपी' (2017) या मराठी चित्रपटात उसाच्या फडातील एकाकी घर आणि एक गर्भवती स्त्री आहे; आणि तेथे वावरणाऱ्या छायांमागे मुलीचा जन्म नको असणारा समाज उभा आहे.

राही अनिल बर्वे यांचा 'तुंबाड' (2018) याच प्रकारचा. कोकणातील पावसाने भिजलेल्या त्या वाड्यात हस्तर नावाची शापित शक्ती आहे. तिच्याजवळ सोने आहे, पण अन्न नाही. म्हणून विनायक पिठाची बाहुली पुढे करून तिची नाणी हिसकावतो. प्रेक्षक हस्तरला भितो खरा, पण अधिक भितो तो बापाकडून मुलाकडे उतरणाऱ्या हावेला.

येथे एक कठोर सत्यही सांगितले पाहिजे. हा चित्रपट पूर्ण होण्यास अनेक वर्षे लागली आणि पहिल्या प्रदर्शनाच्या वेळी त्याला बेताचाच प्रतिसाद मिळाला. 2024 च्या सप्टेंबरात तो पुन्हा झळकला, तेव्हा त्याने पहिल्याहून अधिक कमाई केली. उत्तम कथेलाही वेळेवर दाम मिळेलच, अशी हमी कोणी देऊ शकत नाही. जो केवळ बाजाराचा वारा पाहून भूत लिहितो, त्याची पटकथा पुरी होईपर्यंत वारा फिरलेला असण्याचाच संभव अधिक.

म्हणून पटकथाकाराने बाजारात किती भुते आहेत हे मोजीत बसू नये. त्याने आपल्या कथेतून भूत क्षणभर बाजूला काढून पाहावे. मागे एखादे दुःख, एखादी हाव किंवा झाकून ठेवलेला अन्याय उरत असेल, तर गर्दीची पर्वा न करता ती कथा अवश्य लिहावी. मागे केवळ करकरणारे दार उरत असेल, तर ती कथा खुशाल बाजूस ठेवावी. वाचलेले वर्ष पुढच्या कथेच्या कामी येईल.