जादूचा पत्ता आणि खेळाचा करार



‘हीरोक्वेस्ट’ हा पटावरचा खेळ इंग्लंडात १९८९ साली निघाला. बर्बर, बुटका, एल्फ आणि मांत्रिक हे चार वीर भुयारात उतरतात. पाचवा गडी दुष्ट जादूगाराची बाजू चालवतो. वीरांच्या वाट्याला जादूचे पत्ते अवघे बारा : वायू, अग्नी, जल आणि पृथ्वी यांचे तीन-तीन. त्यांतले नऊ मांत्रिकाला, तीन एल्फला. एका मोहिमेत प्रत्येक पत्ता एकदाच चालतो.

पुष्कळ खेळाडू घरी स्वतःचे पत्ते लिहितात. लिहावेतच! जो खेळतो, त्याला नियम घडवण्याचा हक्क आहे. पण हक्काला हिशेब लागतो. सगळे राक्षस एका फटक्यात मारणारा पत्ता लिहिलात, तर बर्बराच्या तलवारीला काम काय उरले? एकाला बढती आणि तिघांना बेकारी!

मूळ पत्ते पाहा. अग्निगोळ्याने दोन घाव बसतात. पण समोरच्याला दोन फासे टाकता येतात, आणि पाच किंवा सहा पडेल त्या प्रत्येक फाशागणिक एक घाव टळतो. आरोग्यजलाने चार घाव भरतात. पण मूळ ताकदीपेक्षा अधिक ताकद मिळत नाही. प्रत्येक शक्तीला तिथेच मर्यादा घातलेली आहे.

आम्ही पगाराच्या करारात हेच पाहतो : काय, कोणाला, किती, कुठवर. चारही गोष्टी पत्त्यावर स्पष्ट लिहा, आणि डाव मांडण्यापूर्वी पाचही जणांना वाचून दाखवा. प्रतिपक्षालासुद्धा! मध्येच खिशातून काढलेला पत्ता म्हणजे रातोरात फाटकावर चिकटवलेली नोटीस. तिला करार म्हणत नाहीत.