जनावराच्या कानाचा आकडा कितपत खरा?



मी पिकांचा माणूस, जनावरांचा डॉक्टर नव्हे. तरी आज गायीच्या कानाविषयी बोलणार आहे. २०२० साली कोरोनाच्या काळात ताप पाहायची बंदूक आमच्याही घरी आली. पुढे एका थंडीत गाय वैरण सोडून उभी राहिली. मी तीच बंदूक तिच्या कानावर धरली. ताप दिसला नाही, मी निर्धास्त झालो. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी गुदद्वारात तापमापी लावली, तर १०५ अंश फॅरनहाइट! निरोगी गायीचे तापमान १०१.५ च्या आसपास असते. त्या वेतात दूध पुन्हा पहिल्यासारखे चढले नाही.

चूक माझी होती. हे यंत्र समोरच्या पृष्ठभागातून निघणारे अवरक्त किरण मोजते, शरीराच्या आत डोकावत नाही. थंडीत, आणि ताप चढतानाही, कानाच्या रक्तवाहिन्या आकसून कान गार पडतो. शिवाय कपाळाची बंदूक मोजलेल्या आकड्यात भर घालून अंगाचे तापमान दाखवते. ते गणित माणसाच्या कपाळाचे!

आता कानात बसवायचे संवेदकही निघाले आहेत. (आपल्याकडचा बारा अंकी पिवळा बिल्ला फक्त ओळखीचा.) संवेदकाची नजर खोल, कानाच्या पडद्याकडे असेल तर आकडा शरीराच्या तापमानाजवळ जातो. तो जरा सरकला की बाजूची गार कातडी, केस, मळच मोजला जातो. गव्हाच्या पानांचे तापमान घेताना ओळींमधली तापलेली माती नजरेत आली की आमचाही आकडा असाच फसतो. दुसरे म्हणजे, संवेदक स्वतःच्या आणि समोरच्या वस्तूच्या तापमानातील फरकावरून हिशेब करतो. तो उन्हात एकदम तापला तर हिशेब बिघडतो. म्हणून हातातले यंत्र अर्धा तास गोठ्यातच सावलीत ठेवून मग वापरावे, भिंग मऊ कोरड्या कापडाने पुसावे.

आठवडाभर रोज पहाटे, एकाच वेळी, कानाचा आणि गुदद्वाराचा आकडा शेजारी-शेजारी लिहा. दोहोंतला फरक हवेप्रमाणे बदलतो, म्हणून ठराविक अंश मिळवून भागत नाही. सगळ्याच गायींचे कान तापले तर ऊन समजा. एकीचाच आकडा नेहमीपेक्षा हलला, वर किंवा खाली, तर तापमापी लावा.

नुकतीच व्यालेली गाय कान गार पडून बसली असेल, तर मात्र यंत्र शोधत बसू नका. तो दुग्धज्वर असू शकतो. नावात ज्वर असला तरी त्यात ताप नसतो. डॉक्टरांना तेव्हाच बोलवा.