मजले मोजण्यापूर्वीं

शहराच्या मध्यवस्तींत एखाद्या नाक्यावर पत्र्याचें कुंपण पडलें आणि आंत यंत्रांची घरघर सुरू झाली, कीं जाणाऱ्यायेणाऱ्यांचीं पावलें तेथें क्षणभर थबकतात. हें कुतूहल सर्व देशांतील नागरिकांस सारखेंच असतें. आरंभींचे कित्येक महिने कुंपणाआड मातीच्या खड्ड्यावांचून कांहीं दिसत नाहीं, आणि पाहणारा कंटाळून आपल्या वाटेनें निघून जातो. पुढें एके दिवशीं कुंपणाच्या वर लोखंडी सळ्या डोकावूं लागतात, स्लॅबवर स्लॅब चढूं लागतो, आणि मग बघ्यांचें गणित सुरू होतें : मागल्या महिन्यांत सहा होते, आज नऊ झाले. ज्यांनीं त्या इमारतींत जागा घेऊन ठेविली आहे, त्यांना तर हें मजले मोजणें म्हणजे आपल्या जन्माच्या बचतीवर नजर ठेवणेंच वाटतें. रविवारीं मुलाबाळांस घेऊन ते तेथें जातात, आपला मजला बोटानें दाखवितात आणि समाधानानें घरीं परततात.

परंतु इमारतीची खरी प्रगति मजल्यांच्या संख्येनें मोजतां येते काय? या प्रश्नाचें उत्तर अमेरिकेंतील सॅन फ्रान्सिस्को शहराच्या एका प्रसिद्ध इमारतीनें फार मोठी किंमत घेऊन दिलें आहे. तिचें नांव मिलेनियम टॉवर. उंची ६४५ फूट, मजले ५८, आणि तिच्या आवारांत एकंदर ४१९ सदनिका. २००५ सालीं तिचें बांधकाम सुरू झालें आणि २००९ मध्यें ती राहावयास खुली झाली.

ही इमारत ‘काँडोमिनियम’ या प्रकारांत मोडते. या शब्दाचें मूळ लॅटिन असून त्याचा अर्थ संयुक्त स्वामित्व असा आहे. या पद्धतींत प्रत्येक कुटुंब आपापल्या सदनिकेचें स्वतंत्र मालक असतें. जमीन, पाया, जिने, लिफ्ट, गच्ची यांवर मात्र सर्वांची अविभक्त मालकी असते. अमेरिकेंत या पद्धतीस कायद्याचें रूप १९६० च्या सुमारास आलें. महाराष्ट्रांत तशा मालकीचा कायदा १९७० सालीं झाला, जरी मुंबई-पुण्याकडे सहकारी गृहनिर्माण संस्थेचीच वहिवाट अधिक आहे. या संयुक्तपणाचा अर्थ नीट ध्यानांत घेतला पाहिजे. अगदीं वरच्या मजल्यावर राहणारा मनुष्यहि पायाचा भागीदार असतो. आपल्या दिवाणखान्यास कोणता रंग द्यावा हें त्याच्या हातीं असतें. पाया मात्र तो राहावयास येण्यापूर्वींच, त्याला न विचारतां, दुसऱ्या कोणी ठरविलेला असतो. त्या निर्णयाचें फळ पुढें सर्वांनीं मिळून भोगावयाचें असतें.

म्हणून या इमारतीची हकीकत खालूनच सांगावयास हवी. १८४८ च्या जानेवारींत कॅलिफोर्नियांत सोनें सांपडलें, आणि पुढल्याच वर्षीं जगाच्या कानाकोपऱ्यांतून माणसें सॅन फ्रान्सिस्कोच्या बंदरांत उतरूं लागलीं. खलाशीहि जहाजें टाकून सोन्याच्या शोधांत निघून गेले. ओसाड पडलेल्या कित्येक जहाजांसह तेथील खाडीचा उथळ कांठ माती व वाळू टाकून भरून काढण्यांत आला आणि त्यावर रस्ते व पेढ्या उभ्या राहिल्या. मुंबईकरास यांत नवल वाटण्याचें कारण नाहीं. त्याचें स्वतःचें शहरहि सात बेटांमधील खाड्या बुजवूनच झालेलें आहे. मिलेनियम टॉवर ज्या मिशन आणि फ्रिमाँट या रस्त्यांच्या नाक्यावर आहे, तो भाग याच जुन्या किनाऱ्यालगतचा. तेथें वरून खालीं जातां प्रथम भराव व खाडीचा मऊ चिखल लागतो, मग घट्ट वाळूचा थर, त्याखालीं पुरातन चिकणमातीचा जाड थर, आणि शेवटीं २०० फुटांहून अधिक खोलीवर खडक.

या जमिनीवर इमारतीचें ओझें उतरविण्यासाठीं सुमारें ९५० काँक्रीटचे खांब ठोकण्यांत आले. बांधकामाच्या धंद्यांत यालाच पायलिंग म्हणतात. खांबांच्या डोक्यांवर १० फूट जाडीचा काँक्रीटचा एकसंध थर, म्हणजे राफ्ट, घालण्यांत आला. खांब ६० ते ९० फूट खोल गेले आणि घट्ट वाळूंत थांबले. खडकापर्यंत ते नेण्यांत आले नाहींत. ही पद्धत त्या भागांत अपरिचित नव्हती, आणि शहराच्या बांधकाम खात्यानें तिला मान्यताहि दिलेली होती. मात्र इमारतीचा सांगाडा पोलादाचा न करतां काँक्रीटचा केला होता. काँक्रीटचा सांगाडा पोलादी सांगाड्याहून पुष्कळ जड असतो, आणि तें सारें वजन वाळूच्या थरांतून खालच्या चिकणमातीवर पडत होतें.

येथें मातीचे स्वभाव जाणून घेणें अगत्याचें आहे. वाळूवर भार पडला म्हणजे ती काय दबावयाची ती बहुधा लगेच दबते. चिकणमातीचें तसें नाहीं. तिच्या सूक्ष्म छिद्रांत पाणी कोंडलेलें असतें. वर भार आला कीं तें अतिशय मंद गतीनें बाहेर पडूं लागतें, आणि तें जसजसें निघून जाईल तसतशी माती वर्षानुवर्षें दबत राहते. भिजलेल्या चादरीच्या घडीवर पाटा ठेवला असतां घडी जशी पाणी सोडीत हळूहळू बसत जाते, तसाच हा प्रकार. बांधणारे गवंडी निघून जातात, पडदे लागतात, मुलें मोठीं होतात, आणि जमिनीखालचें हें काम तरीहि चालूंच असतें.

प्रत्येक इमारत थोडीफार खचतेच. ती चहूंकडे सारखी खचली, तर रस्त्यांतून येणाऱ्या नळांचे व गटारांचे सांधे संभाळले म्हणजे बहुतेक निभावतें. एक बाजू अधिक खचली, तर मात्र इमारत कलते, आणि उंच इमारतीच्या पायथ्याशीं झालेला इंचांचा फरक शिखराशीं पोंचेपर्यंत कितीतरी मोठा होतो. मिलेनियम टॉवर आपल्या साऱ्या आयुष्यांत फार तर ४ ते ६ इंच खचेल, असा बांधतांना अंदाज होता. २००९ सालीं, रहिवासी सामान लावीत होते तेव्हांच, हा अंदाज मागें पडला होता, आणि शहराच्या बांधकाम खात्यांतील एका अधिकाऱ्यानें त्याविषयीं पत्र लिहून विचारणाहि केली होती. २०१६ पर्यंत इमारत सुमारें १६ इंच खालीं गेली आणि वायव्येच्या कोपऱ्याकडे झुकली.

त्या वर्षाच्या ऑगस्ट महिन्यांत ही गोष्ट वर्तमानपत्रांतून जगजाहीर झाली. एका रहिवाशानें आपल्या घरच्या गुळगुळीत जमिनीवर गोटी ठेवून ती कशी घरंगळत जाते हें लोकांना दाखविलें. त्याच सालच्या नोव्हेंबरांत युरोपीय अंतराळ संस्थेनें उपग्रहांनीं केलेलें मोजमाप प्रसिद्ध केलें. शेंकडों मैल उंचीवरून फिरणाऱ्या यंत्रांसहि ही इमारत दरवर्षीं खालीं जात असल्याचें दिसत होतें. जी गोष्ट गवंड्याचा ओळंबा आणि पाणसळ हीं साधीं हत्यारें सांगतात, तीच आकाशांतील उपग्रहानें सांगितली. २०१८ च्या सप्टेंबरांत ३६ व्या मजल्यावरील एका खिडकीची कांच तडकली, तेव्हां लोकांच्या काळजींत आणखी भर पडली. इमारत राहण्यास निर्धोक आहे, असें तज्ज्ञांनीं व शहराच्या अधिकाऱ्यांनीं वारंवार सांगितलें; परंतु ज्या घरांत जन्माची पुंजी गुंतविली तें घर विकावयास काढावें तर गिऱ्हाईक पाठ फिरवितें, हा अनुभव तेथील कुटुंबांस आला. खचण्याची माहिती वेळींच दिली नाहीं, ही त्यांची मुख्य तक्रार होती. बांधणाऱ्यांचें म्हणणें असें कीं, शेजारीं नव्या वाहतूक-केंद्रासाठीं खोल खोदकाम करून जमिनींतील पाणी उपसल्यानें हें घडलें. केंद्र बांधणाऱ्या संस्थेचें म्हणणें कीं, इमारत जड आणि पाया अपुरा हेंच मूळ कारण. अनेक दाव्यांनंतर २०२० सालीं सर्व पक्षांत तडजोड झाली.

यानंतर पुरी होऊन गेलेल्या इमारतीच्या पायाचें बांधकाम नव्यानें सुरू झालें. खर्चाचा अंदाज सुमारें १० कोटी डॉलरांचा होता. दोन रस्त्यांच्या बाजूंनीं, पदपथाखालीं, ५२ नवे खांब थेट खडकापर्यंत नेऊन इमारतीच्या भाराचा कांहीं अंश त्यांवर घ्यावा, अशी योजना होती. २०२१ च्या उन्हाळ्यांत खांब उतरविण्याचें काम चालू असतांना मोजमापें पाहणाऱ्यांस आढळलें कीं, या दुरुस्तीच्या धक्क्यानेंच इमारत आणखी सुमारें एक इंच खचली आहे. ऑगस्टमध्यें काम थांबविण्यांत आलें. कामाची रीत बदलण्यांत आली, आणि खांबांची संख्या ५२ वरून १८ वर आणण्यांत आली. २०२३ सालीं या १८ खांबांवर भार घेण्यांत आला आणि दुरुस्ती पुरी झाली. तोंवर शिखराचा कल दोन फुटांहून अधिक झाला होता.

या साऱ्या प्रकरणांत अनुकरणीय असें जर कांहीं असेल, तर तें २०२१ मधील थांबणें होय. पहिल्या बांधकामाच्या वेळीं प्रगति म्हणजे चढत जाणारे मजले, आणि विलंब म्हणजे तोटा, अशीच सर्वत्र समजूत असते. दुसऱ्या खेपेस प्रगतीचें माप इंचाच्या अंशांत होतें, आणि माप बिघडतांच काम अडविण्याची तयारी होती. त्याच परिसरांत पुढें उभारलेल्या आणि २०१८ मध्यें खुल्या झालेल्या सेल्सफोर्स टॉवर या त्याहूनहि उंच इमारतीचा पाया खडकापर्यंत नेलेला आहे.

सॅन फ्रान्सिस्कोची ही हकीकत मुंबई, पुणें, नागपूर, नाशिक येथील कुटुंबांस दूरची वाटण्याजोगी नाहीं. येथेंहि हजारों घरें बांधकाम चालू असतांनाच घेतलीं जातात. महाराष्ट्रांत या व्यवहारासाठीं जो नमुन्याचा करारनामा आहे, त्यांत किंमतीचे हप्ते बांधकामाच्या टप्प्यांशीं जोडलेले आहेत, आणि जोतें पुरें होईपर्यंत एकंदर किंमतीच्या ४५ टक्क्यांपर्यंत रक्कम मागतां येते. म्हणजे रस्त्यावरून मोजण्याजोगा एकहि मजला उभा राहण्यापूर्वीं घेणाऱ्याचा जवळजवळ निम्मा पैसा जमिनींत गेलेला असतो. आपली दृष्टि तेथेंच असावयास नको काय?

कायद्यानें आतां या दृष्टीस कांहीं साधनें दिलीं आहेत. केंद्र सरकारच्या २०१६ च्या स्थावर संपदा अधिनियमान्वयें मोठ्या गृहप्रकल्पाची नोंदणी आवश्यक झाली, आणि महाराष्ट्रांत त्यासाठीं महारेरा हें प्राधिकरण २०१७ पासून काम करीत आहे. घेणाऱ्यांकडून आलेल्या रकमेंतील ७० टक्के भाग निराळ्या खात्यांत ठेवावा लागतो, आणि काम किती झालें याचें अभियंता, वास्तुशास्त्रज्ञ व सनदी लेखापाल या तिघांनीं प्रमाणपत्र दिल्यावांचून तो काढतां येत नाहीं. प्रकल्पाची स्थिति दर तीन महिन्यांनीं जाहीर करावी लागते. मंजूर नकाशे व टप्प्याटप्प्यांचें वेळापत्रक मागण्याचा घेणाऱ्यास हक्क आहे. ताबा दिल्यापासून पांच वर्षांच्या आंत बांधणींत दोष आढळला, तर तो बांधणाऱ्यानें विनामूल्य दुरुस्त करून द्यावयाचा असतो.

हे हक्क कागदावर असून भागत नाहीं. ते वापरणारा गृहस्थ हवा. किती मजले झाले असें विचारण्याआधीं त्यानें विचारावें कीं, जमिनीची परीक्षा कोणी केली, खालीं काय सांपडलें, पाया कशावर टेकला आहे, शेजारच्या प्लॉटवर खोदकाम होणार आहे काय. मिळालेलें उत्तर त्याला सर्वस्वीं कळलें नाहीं, तरी ओळखीच्या एखाद्या अभियंत्यास तें दाखवितां येतें. आणि जेथें उत्तरच मिळत नाहीं, तेथें तें न मिळणें हीसुद्धां एक माहितीच असते. राहावयास गेल्यावर संस्थेच्या सभासदांनीं मिळून भेगा, दारांचें अडकणें, गटारांचे उतार यांची नोंद एका वहींत तारीखवार ठेवावी. पांच वर्षांची मुदत आठवणीनें मोजतां येत नाहीं. ती लिहून ठेवलेल्या तारखांनींच मोजली जाते.

उंच इमारत ही मोठ्या शहराची गरज आहे आणि तिचें दर्शन आनंददायकहि असतें. ती उभी राहतांना पाहण्याची हौस प्रत्येकानें खुशाल करावी. मात्र जो तिच्यांत संसार थाटणार आहे, त्यानें ही हौस कुंपणाच्या वर सळ्या दिसूं लागण्याची वाट न पाहतां, आंत खड्डा खणला जात असतांनाच सुरू करावी.