कॉम्प्युटर बंद होत नाही? लगेच ‘फॉरमॅट’ नको



आज बोलायचं आहे ते आपल्या ग्रामसंघाच्या खोलीतल्या कॉम्प्युटरबद्दल. संध्याकाळी काम आटोपतं, आपण ‘शट डाऊन’ करतो, स्क्रीन काळी होते. कुलूप हातात घेतो तेवढ्यात पंखा पुन्हा घुर्र करतो. बंद व्हायच्या ऐवजी कॉम्प्युटर परत सुरू! मग कोणी प्लग ओढतं, तर कोणी तसाच सुरू ठेवून घरी जातं आणि रात्रभर इन्व्हर्टरची बॅटरी उतरते. दुकानात नेला की बरेचदा एकच उत्तर मिळतं, “फॉरमॅट मारावा लागेल.”

ताईंनो, फॉरमॅट म्हणजे पाटी कोरी करणं. बचतीच्या याद्या, कर्जाचे हप्ते, बैठकीचे ठराव, सगळं पुसलं जाऊ शकतं. बैठकीत रोख जुळली नाही तर आपण वही फाडतो का? एकेक नोंद तपासतो. इथेही तसंच करायचं. मात्र त्याआधी हिशेबाची प्रत पेनड्राइव्हवर घ्या आणि तो काढून कपाटात ठेवा.

पहिली गोष्ट, अपडेट. ‘अपडेट अँड शट डाऊन’ असं दिसत असेल तर बंद होण्याआधी कॉम्प्युटर एकदा स्वतःहून सुरू होऊ शकतो. थोडं थांबा. अपडेट चालू असताना प्लग ओढू नका. विंडोज ११ मध्ये तर असं निवडूनही कॉम्प्युटर सुरूच राहायचा, असा एक दोष होता. तो ऑक्टोबर २०२५ च्या शेवटी आलेल्या अपडेटपासून दुरुस्त केला आहे. म्हणून अपडेट पूर्ण होऊ द्या.

दुसरी गोष्ट. सगळं सेव्ह करा. आता कीबोर्डवरची ‘शिफ्ट’ दाबून ठेवा आणि तशीच ‘शट डाऊन’वर क्लिक करा. आता नीट बंद झाला, तर संशय ‘फास्ट स्टार्टअप’वर. ही सोय २०१२ मध्ये विंडोज ८ सोबत आली. सकाळी लवकर सुरू व्हावं म्हणून कॉम्प्युटर पूर्ण बंद होत नाही, थोडी माहिती डिस्कवर जपून ठेवतो. ही सोय काढण्यासाठी ‘कंट्रोल पॅनल’ उघडा, ‘पॉवर ऑप्शन्स’मध्ये जा, ‘चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू’ निवडा. वरच्या निळ्या ओळीवर क्लिक केलं की खालच्या खुणा बदलता येतात. ‘टर्न ऑन फास्ट स्टार्टअप’समोरची खूण काढा आणि सेव्ह करा. ती ओळच दिसत नसेल तर पुढे चला.

तिसरी गोष्ट, जोडलेली यंत्रं. प्रिंटर, अंगठा घ्यायचं मशीन, नेटचा डोंगल, सगळं काढून कॉम्प्युटर बंद करून पाहा. नीट बंद झाला तर एकेक परत जोडा आणि प्रत्येक वेळी बंद करून पाहा. ज्याच्यामुळे पुन्हा सुरू होतो, त्याचं सॉफ्टवेअर म्हणजे ड्रायव्हर नव्याने टाकून घ्यायचा.

चौथी गोष्ट. बंद होताना आत काही बिघडलं, तर कॉम्प्युटर गुपचूप रीस्टार्ट व्हावा, अशी सेटिंग आधीपासून असते. त्यामुळे बिघाड आपल्याला दिसतच नाही. स्टार्टच्या शोधपट्टीत ‘व्ह्यू अॅडव्हान्स्ड सिस्टम सेटिंग्ज’ टाइप करून उघडा. ‘स्टार्टअप अँड रिकव्हरी’च्या ‘सेटिंग्ज’मध्ये ‘ऑटोमॅटिकली रीस्टार्ट’ची खूण काढा. याने आजार बरा होत नाही, पण लपलेला आजार दिसतो. पुढच्या वेळी स्क्रीनवर संदेश येऊन थांबेल. त्याचा मोबाइलवर फोटो काढा आणि मेकॅनिकला दाखवा. मग त्याला अंदाजाने फॉरमॅट करायची गरज राहणार नाही.

उन्हाळ्यात आपल्या नागपूरकडे लाइन जाते-येते. बंद केलेला कॉम्प्युटर लाइन आल्यावर आपोआप सुरू होत असेल, तर ती गोष्ट वेगळी. ती मदरबोर्डची, म्हणजे बायोसची सेटिंग असते. मेकॅनिककडून बदलून घ्या.

आणि अगदीच अडलं, बंद होतच नसेल, तर अपडेट चालू नाही ना ते पाहून, काम सेव्ह करून, पॉवरचं बटण साधारण १० सेकंद दाबून धरा. हा शेवटचा उपाय. रोजचा नाही.

मेकॅनिक आला की त्याच्याजवळ बसा. काय केलं ते वहीत लिहा. पासवर्ड सांगू नका, लागेल तिथे स्वतः टाका. ओटीपी तर कोणालाच नाही. तो फॉरमॅट म्हणाला, तर दोन प्रश्न विचारा : “बिघाड नेमका कुठे आहे? आमचा डेटा कुठे ठेवणार?”

पेटीची किल्ली आपण दुसऱ्याच्या हाती देत नाही. हिशेब आता कॉम्प्युटरमध्ये आहे, तेव्हा त्याचीही काळजी आपणच घ्यायची. या आठवड्यात एवढं करा, पेनड्राइव्हवर प्रत घ्या आणि ‘शिफ्ट’ दाबून एकदा बंद करून पाहा. काय झालं ते पुढच्या बैठकीत सगळ्यांना सांगा.